टॅबमधला धुरा

४ नोव्हेंबर, सकाळ

निकिता आज पुण्याला परत गेली. जाताना मला टॅब देऊन गेली. मोबाईलपेक्षा मोठा, ताटलीपेक्षा लहान. बोलेरोच्या डॅशबोर्डवर बसवायचा स्टँडही आणला होता. कव्हर जाड रबराचं, कोपरे टणक. म्हणाली, "बाबा, तुम्ही आपटणार, म्हणून असं घेतलं." मी आपटत वगैरे नाही. पण पोरीचं मन मोडू नये.

टॅब का, तर मला रस्ता विचारता येत नाही असं घरच्यांचं मत. मागे कारंज्याकडे एका तेरवीला जात होतो. टपरीवरच्या माणसाला रस्ता विचारला. तो म्हणाला, सरळ जा. पुढे सरळ नव्हतंच, फाटा होता. मी परत येऊन त्याला ते समजावून सांगितलं. समजावताना त्याच्या शर्टाची बटणं तुटली. आमच्या सौ. रंगूबाई गाडीतून उतरून त्याची माफी मागत बसल्या. तेव्हापासून पोरीचं म्हणणं, बाबांनी रस्ता माणसाला विचारायचाच नाही, मशीनला विचारायचा. मशीनला बटणं नसतात.

दुसरं कारण BP. डॉक्टर म्हणाले, राग आला की लिहून काढत जा. म्हणून ही डायरी, टॅबमध्येच. बोललं की आपोआप लिहितो म्हणे. मी बोललो. त्याने 'वावर'चं 'वावरणे' केलं. बोटाने लिहितो आहे.

संकल्प: आजपासून कोणाच्या अंगाला हात लावायचा नाही. आवाज चढवायचा नाही. शिवी फार तर मनात.

केनवडमध्ये डॅशबोर्डवर टॅब असलेली गाडी बहुतेक माझीच. रंगूबाईने त्याला हळदीकुंकू लावलं. कुंकू स्क्रीनच्या मधोमध लागलं. काही बोललो नाही. सुरुवात चांगली आहे.

७ नोव्हेंबर

किन्हीराजाला हरभऱ्याचं बियाणं आणायला गेलो. रस्ता पाठ आहे, पण टॅबची परीक्षा म्हणून लावला. आत एक बाई बोलते. आवाज सभ्य. ती म्हणाली डावीकडे वळा. मी सरळ गेलो, कारण मला माहीत होतं. तिने पुढे पुन्हा सांगितलं. मी पुन्हा सरळ. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा माझा हात लागला. मारला नाही, लागला. टॅब स्टँडवरून निघून ब्रेकच्या पायाशी गेला. तो काढायला वाकलो, तेवढ्यात समोरून दूधवाला मोटरसायकलवर आला. म्हणजे तो आपल्या बाजूनेच येत होता, पण त्याने बघायला नको?

कॅन रस्त्यावर. दूध रस्त्यावर. तो उठला आणि आईवरून बोलला. मला संकल्प आठवला. काच वर करून बसून राहिलो. मग त्याने दुसरी काच खाली होती तिथून हात घालून गाडीची चावी काढली. माणसाने चावीला हात लावू नये. उतरलो.

त्याने कॅनच्या झाकणाने माझ्या कानावर ठेवून दिली. मी त्याला रस्त्याकडेच्या नालीत बसवला. तो उठला की मी बसवायचो. लोकांनी सोडवलं. एक म्हातारा म्हणाला, "अबे, दूध तं गेलं, आता दात कायले घालवता?" शहाणा माणूस.

डाव्या कानात शिट्टी वाजते आहे. वळायला डावीकडेच हवं होतं, पण ते वेगळं.

एकंदर समाधान. पूर्वीचा मी असतो तर काच वर केलीच नसती.

१२ नोव्हेंबर

टॅब फक्त रस्त्यासाठी वापरणं म्हणजे बैलाला फक्त पोळ्याला कामाला लावणं. आता सगळं त्याच्यावर. हवामान, बाजारभाव, सकाळी भजन, रात्री अलार्म. विजेचं बिलपण त्याच्यातूनच भरलं. दोनदा भरलं गेलं.

दुपारी सापडेना. सगळं घर पालथं घातलं. शेवटी रंगूबाईने दुधाच्या गंजावर झाकण म्हणून ठेवलेला सापडला. वर वरवंटा. म्हणाली, "मांजर ढकलते. हे बरोबर बसते." मी हातातलं ताट ठेवलं. भिंतीवर ठेवलं, जरा जोरात. भाजीचा डाग पडला. रंगूबाई म्हणाली, "आता थो डाग टॅबनं पुसून घ्या." आणि शेजारणीकडे जाऊन बसली. बायकांना यंत्राची कदर नसते.

२४ नोव्हेंबर

मानोऱ्याकडच्या तांड्यावर सेवालालने जेवायला बोलावलं होतं. सेवालाल माझा जुना दोस्त, दोघं एकाच कॉलेजात नापास झालो. फोनवर म्हणाला, फाट्यावर ये, मी घ्यायला येतो. मी म्हणालो, गरज नाही, टॅब आहे.

टॅबने मोठा रस्ता सोडून आत घेतलं. मग गाडीवाट. मग वाटही संपली, पण निळी रेघ पुढे जात होती. रंगूबाई म्हणाली, "अवो, थांबा, समोर घर हाय." मी म्हणालो, रेघ सरळ जाते आहे. ती म्हणाली, "रेघेले काय, ते तं भिंतीतूनई जाईन."

अंगणात सोयाबीन वाळत घातलेलं होतं. अर्ध्यावर गेल्यावर मला दिसलं. रिव्हर्स घेतला तर गाडी उरलेल्या अर्ध्यावरून गेली.

घरातून एक म्हातारी बाहेर आली. भुरीबाई तिचं नाव, हे नंतर कळलं. तिच्या हातात मुसळ. सरळ डावा हेडलाईट फोडला. मग उजवा. मग बॉनेटवर एक. मी उतरून म्हणालो, बाई, नकाशा बघा, इथून रस्ता आहे. टॅब तिच्यासमोर धरला. तिने मुसळ उचललं तसा मी टॅब छातीशी घेऊन पळालो. कुत्री मागे. विहिरीला दोन चकरा मारल्या. एकाने पोटरी धरली, मी त्याला लाथ घातली, दुसऱ्याने दुसरी पोटरी धरली. तोवर रंगूबाई गाडीतून उतरून म्हातारीसोबत सोयाबीन गोळा करत होती.

सेवालाल आला. त्याने सगळ्यांना शांत केलं. मला म्हणाला, "बबन, तो डब्बा बंद कर आन मले फोन करत जाय." गैरसमज आहे त्याचा. रस्ता होता. घर नंतर बांधलेलं असणार.

कुत्र्याच्या इंजेक्शनला पुन्हा जायचं आहे. जेवण छान होतं असं रंगूबाई म्हणाली. पोटऱ्या दुमडेनात, मला उभं राहून खावं लागलं.

९ डिसेंबर

मोठा शोध लागला.

टॅबमध्ये शेत मोजायचं ॲप आहे. हातात धरून वावराभोवती चालायचं. आपण चालतो तशी मागे रेघ पडते, शेवटी क्षेत्र येतं. आज चाललो. आणि बघतो तर काय, माझं वावर कमी भरतं आहे.

लगेच पुन्हा चाललो. कमीच. कुठून कमी, ते सांगायला ज्योतिषी नको. तीन बाजूंना नाला, रस्ता आणि गावठाण. ते सरकत नाहीत. चौथ्या बाजूला गोविंदा.

गोविंदा माझा चुलतभाऊ. माझ्यापेक्षा वर्षाने लहान, वजनाने अर्धा. त्याच्या आणि माझ्या वावरामधला बांध, म्हणजे आमचा धुरा, आजोबांनी वाटणीत दगड रोवून ठरवला. तेव्हापासून गोविंदा चूपचाप असतो. मला आधीच कळायला हवं होतं की माणूस उगाच चूप नसतो. नांगराच्या फाळाने दरवर्षी एक एक वीत कोरत असणार.

राग आला नाही. फक्त हातातली काठी मोडली. वाळलेली असेल.

१४ डिसेंबर

रोज मोजतो. रेघ रोज थोडी वेगळी येते. परवा गोविंदाच्या गोठ्यातून गेली. काल त्याच्या विहिरीतून. आज सकाळी माझ्याच वावरात मागे सरकली होती, पण तेव्हा आभाळ होतं, म्हणून ती धरली नाही. शास्त्रात सरासरी घेतात. मी सगळ्यात चांगली घेतली, ती गोठ्याची.

निकिताला व्हिडिओ कॉलवर दाखवलं. ती म्हणाली, बाबा, त्याच्यात फरक येतो, ते अंदाजासाठी असतं. मी म्हणालो, मग रस्ता दाखवताना अंदाज नसतो का? स्क्रीनवर तिचं तोंड उघडंच राहिलं. शिकलेल्यांनाही पटवता येतं. कदाचित नेटवर्क गेलं असेल.

१८ डिसेंबर

गोविंदाशी शांतपणे बोललो. आवाज गावापर्यंत गेला असं म्हणतात, पण वारा तिकडचा होता.

त्याला टॅब दाखवला. म्हणालो, तुझा गोठा माझ्या वावरात आहे. तो तंबाखू मळत राहिला. मग म्हणाला, "बबन्या, गोठा माह्या बापानं बांधला. तवा तुहा बाप इथंच बसून चहा पेला. त्याले नाई दिसलं?" मी म्हणालो, त्याच्याकडे टॅब नव्हता. तो म्हणाला, "मंग त्याले दिसत होतं."

याचा अर्थ काय, ते मला घरी येईपर्यंत कळलं नाही. कळलं तेव्हा परत गेलो. त्याची बायको गोमतीबाई दारात शेणाची पाटी घेऊन उभी होती. गोठ्याला हात लावायच्या आत पाटी माझ्या डोक्यावर उपडी. ताजं होतं.

अंघोळीला गरम पाणी रंगूबाईने दिलं नाही.

२ जानेवारी

नवीन वर्षाचा संकल्प: हिंसा नाही. फक्त कृती.

सकाळी ट्रॅक्टर घेऊन धुरा मोडला. त्याच्या तुरीची काठाकडची तासं, उभ्या ओळी, नांगराखाली गेली. शेंगा भरलेल्या होत्या, थोडं वाईट वाटलं, पण तूर कोणाच्या जमिनीत उभी आहे ते तुरीनेही बघावं.

गोविंदा धावत आला. तो धावू शकतो हे प्रथमच पाहिलं. ढेकळं मारायला लागला. ढेकूळ लागलं की फुटतं, म्हणून मी हसलो. मग त्याने दगड मारला. तो फुटला नाही. माझा पुढचा दात हलतो आहे. मी उतरून त्याला धरला, त्याने माझा अंगठा चावला, मी त्याचा कान पिळला तो सोडलाच नाही. असे आम्ही बराच वेळ मातीत होतो. शेवटी दोघांनाही दम लागला म्हणून बाजूबाजूला बसलो. तो हात जोडून म्हणाला, "बबन्या, तुरीले कायले मारलं बे? तिनं काय केलं होतं?"

मी ट्रॅक्टर घरी आणला. उत्तर आता सुचतं आहे, पण लिहिण्यासारखं नाही.

३ जानेवारी

ठाण्यात बोलावलं. दोघांनाही. साहेबांनी माझा दात आणि त्याचा कान पाहिला. म्हणाले, सरकारी मोजणी करून घ्या, तोवर कोणी धुऱ्याला हात लावायचा नाही. मी टॅब पुढे केला. साहेब म्हणाले, तो खाली ठेवा. मी म्हणालो, फक्त एकदा बघा. ते म्हणाले, काका, खाली.

मोजणीचा अर्ज मीच केला. माझ्या बाजूने सत्य आहे, मला कसली भीती.

बाहेर रंगूबाई आणि गोमतीबाई एकाच बाकावर शेंगदाणे खात बसल्या होत्या. एकाच पुडीतून. याला काय म्हणावं.

१९ जानेवारी

आज वहीत, तेही एका हाताने लिहितो आहे. डावा प्लास्टरमध्ये. सगळं नीट क्रमाने लिहितो, म्हणजे पुढे कोणी विचारलं तर.

मोजणी यायला वेळ होता. तोवर निदान खांब रोवून ठेवावेत, असा विचार केला. साहेब म्हणाले होते धुऱ्याला हात लावू नका. मी धुऱ्याला लावलाच नाही, रेघेवर रोवत होतो. एका हातात टॅब, एका हातात सबल, म्हणजे पहार. सोबत रंगूबाई, ती मला अडवायला आली होती, पण उभी सोबतच होती.

गोविंदा एकेक खांब उपटत मागून आला. मी वळून पाहिलं तर मागे सगळे आडवे. मी सबल टाकली. मुद्दाम टाकली, हे कोणीही सांगेल. त्याने बैलगाडीची उभारी, कडेचा लाकडी दांडा, उचलली होती. ती माझ्या डाव्या मनगटावर बसली. आवाज आला, तुराटी मोडल्यासारखा. मग माझ्या उजव्या हातात जे होतं ते त्याच्या डोक्यात गेलं.

टॅब होता.

कव्हरचा टणक कोपरा त्याच्या भुवईच्या वर. गोविंदा मागे गेला आणि आजोबांनी रोवलेल्या दगडावर पडला. डोक्याच्या मागून रक्त आलं. खूप आलं. दगडाची एक बाजू पूर्ण लाल झाली. त्याचे डोळे उघडे होते, पण माझ्याकडे बघत नव्हते. मी म्हणालो, उठ ना बे. तो उठला नाही. मी पुन्हा म्हणालो.

गोमतीबाई धावत आली. त्याचं डोकं मांडीवर घेतलं. रंगूबाईने आपल्या लुगड्याचा पदर फाडून बांधला आणि मला म्हणाली, "गाडी आन." आयुष्यात पहिल्यांदा मला तिचा आवाज तसा ऐकू आला. गाडी आणली.

एका हाताने चालवत होतो. गिअर टाकायचा तर स्टिअरिंग सोडावं लागायचं. मागच्या सीटवर दोघी, मधे गोविंदा आडवा. टॅब स्टँडवर लावला. काच फुटली होती, पण चालू होता. त्याच्यावर गोविंदाचं रक्त होतं, बाहीने पुसलं. रिसोडचा दवाखाना टाकला. मी रिसोडला हजारदा गेलो असेन. पण तेव्हा डोक्यात एकही रस्ता नव्हता.

टॅबने शॉर्टकट दाखवला. रंगूबाई म्हणाली, मोठ्या रस्त्यानं चला. मी म्हणालो, हा लवकर पोचवतो. आत घेतलं. नाला आला. पलीकडे रेघ जात होती, पूल नव्हता. चाकं रेतीत बसली. मी ॲक्सिलरेटर दाबत होतो, चाकं जागेवर फिरत होती. टॅबमधली बाई म्हणत होती, पुढे चला.

तेव्हा मागून गोविंदा बोलला. शुद्धीवर कधी आला कोण जाणे. म्हणाला, "मांगं घे. उजव्या हाताले पांदन हाय. तितून निंघ." आवाज इतका बारीक की मला आधी वाटलं टॅब बोलला. मी म्हणालो, टॅब सरळ दाखवतो. खरंच म्हणालो हे. का म्हणालो ते माहीत नाही.

गोमतीबाईने मागून माझा गळा धरला. दोन्ही हातांनी. म्हणाली, "माह्या मानसाचं रगत सांडून राह्यलं आन तू मशीनले इचारतं?" मला श्वास येईना. डोळ्यांपुढे पिवळं झालं. रंगूबाईने मला सोडवलं नाही. ती पुढे वाकली, टॅब स्टँडसकट ओढला आणि खिडकीतून नाल्यात फेकला. मग गोमतीबाईने गळा सोडला.

दोघी उतरून ढकलायला लागल्या. गाडी मागे निघाली. उजवीकडे पांदण होती. पुढचा सगळा रस्ता गोविंदाने सांगितला. प्रत्येक वळणाला एक शिवी आणि मग दिशा. मी प्रत्येक शिवीला हो म्हणालो. मधे एकदा तो थांबला तेव्हा मीच म्हणालो, गोविंदा, शिव्या दे बे, थांबू नको.

त्याला डोक्याला टाके पडले. भुवईला वेगळे. डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं? गोविंदा म्हणाला, "धुऱ्यावरून पडलो." मला विचारलं, हाताला काय झालं? मी म्हणालो, याला धरताना मीपण पडलो. डॉक्टरांनी दोघांकडे पाहिलं आणि तसंच लिहिलं.

गोविंदाने तक्रार दिली नाही. घाबरला असणार.

२१ जानेवारी

नाल्यावर जाऊन टॅब शोधला. वाळूत उभा रुतला होता. चार्जिंगला लावला तर चालू झाला. मजबूत वस्तू आहे. स्क्रीनचा वरचा कोपरा काळा पडला आहे, तिथली अक्षरं दिसत नाहीत, पण मी तिथे लिहीत नाही. वहीतलं १९ तारखेचं यात उतरवून घेतलं.

कव्हर धुतलं. कोपऱ्याच्या खाचेत राहिलेलं रक्त निघत नाही.

२ फेब्रुवारी

रंगूबाई रोज गोविंदाकडे जाते. भाकरी, वरण, कधी शिरा. दिवसभर तिथेच. संध्याकाळी झोपायला येते, बोलत नाही. मला म्हणाली नाही की जेवायचं काय. मीपण विचारलं नाही. मी टॅबवर बघून स्वयंपाक करतो. बाई सांगते, मध्यम आचेवर परता. एका हाताने परतलं की कढई फिरते. आज पिठलं चुलीत गेलं. कढईला लाथ मारली. कढई लोखंडाची, पाय माझा.

निकिताचा फोन आला. तिला सगळं कळलं आहे. मी म्हणालो, गैरसमज झाला होता. ती म्हणाली, "काका मेले असते, बाबा." मी म्हणालो, मेला नाही ना. ती रडायला लागली. मी टॅब उपडा ठेवला. उपडा ठेवला तरी आवाज येतो.

मोजणीची तारीख आली आहे. त्या दिवशी सगळ्यांना कळेल. मी चूक असतो तर गोष्ट वेगळी. पण जमीन खोटं बोलत नाही.

२० फेब्रुवारी, सकाळ

आज मोजणी. दाढी केली, पांढरा शर्ट घातला, प्लास्टरवरून बाही बसत नाही म्हणून कापली. गोविंदाला मोठ्या मनाने माफ करायचं ठरवलं आहे. गोठा लगेच पाडायला लावणार नाही. पावसाळ्यापर्यंत मुदत. चार लोकांसमोर सांगेन, म्हणजे त्याला माझा स्वभाव कळेल.

२० फेब्रुवारी, दुपार

मोजणीदार आला. काठीवर बसवलेलं मशीन, सोबत एक माणूस चुना घेऊन. गावातले बरेच जण जमले. गोविंदा डोक्याला फडकं बांधून बैलगाडीच्या जुवावर बसला होता. मी टॅब घेऊन मोजणीदाराच्या पुढे पुढे चाललो, त्याला रेघ दाखवत. तो म्हणाला, काका, उन्हात येता, सावली पडते, जरा मागे व्हा.

चुन्याची रेघ पडत गेली. दगडापाशी आली. मला वाटलं आता गोठ्याकडे वळणार. ती माझ्याकडे वळली. दगड ओलांडून माझ्या हरभऱ्यात शिरली. सरळ माझ्या बोअरच्या पलीकडून गेली.

मी म्हणालो, पुन्हा मोजा. त्याने पुन्हा मोजलं. तिथेच. म्हणाला, जुना दगड चुकीचा आहे, इतकी वर्षं तुमच्याकडे यांची जमीन जास्त होती. तुम्ही अर्ज केला हे बरं झालं. तो हे मनापासून म्हणाला.

लोक चुन्याकडे बघत राहिले. कोणी हसलंही नाही. हसले असते तर काहीतरी करता आलं असतं.

मोजणीदाराने ठोकलेल्या खुंटीला मी लाथ मारली. निघाली नाही. पुन्हा मारली. मग गोविंदाकडे गेलो. हात वर झाला, चांगला हात. रंगूबाई तिथेच होती, गोमतीबाई होती, कोणीही मधे आलं नाही. गोविंदाही उठला नाही. फडक्याखालून वर बघत म्हणाला, "मार. आता मारून घे. मंग चाल जेवाले, उशीर होऊन राह्यला."

हात वर किती वेळ होता माहीत नाही. दुखायला लागला तेव्हा खाली घेतला.

गोविंदा म्हणाला, "बोअर माहा झाला. पानी दोघं घेऊ. पन पयले मले."

मी म्हणालो, बरं.

रंगूबाई त्याच्या बैलगाडीत बसून गेली. गोमतीबाईने तिला हात दिला. लोकही गेले. मी बोलेरोत बसलो. मग उतरून पायी गेलो, त्यांच्या गाडीच्या मागून, जरा अंतर ठेवून.

२० फेब्रुवारी, संध्याकाळ

गोविंदाकडे जेवलो. ओसरीवर, त्याच्या शेजारी. त्याला मान अजून डावीकडे वळवता येत नाही म्हणून रंगूबाईने मला उजवीकडे बसवलं. वांग्याची भाजी आणि भाकरी.

भाजीला मीठ कमी होतं.

मागितलं नाही.